यादीतलं दुसरं नाव

बबन,

आज चौदावा दिवस. तुझ्या घरचं सुतक काल फिटलं. मला सुतक नव्हतंच. मी तुझा कोण? ओतूरच्या एसटी स्टँडमागच्या गाळ्यांत तुझ्या छापखान्याला भिंत लावून ज्याचं जळक्या मोटारी भरायचं दुकान आहे, तो सुदाम. शेजारी. पंधरा वर्षं शेजारी. शेजाऱ्याला सुतक नसतं, म्हणून तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी लोक पाणबुडी मोटार घेऊन दारात हजर. "सुदामराव, ऊस वाळाया लागलाय, आज भरून द्या." दिली भरून. तांब्याची तार गुंडाळत बसलो आणि तुला मनातल्या मनात शिव्या घालत बसलो. तुला माहीत आहे माझा स्वभाव. मला रडू यायच्या आधी राग येतो.

अजून आहे तो राग. तो संपायच्या आत हे लिहून टाकतो.

तुझी-माझी सुरुवातच भांडणाने झाली होती. माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका तुझ्याकडे छापायला दिली होती. आपल्याकडे पत्रिका म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको. नवरा-नवरीची नावं मधे दोन ओळींत, आणि सभोवती सत्तर-ऐंशी माणसं. कोण निमंत्रक, कोण व्यवस्थापक, कुणाचं नाव कुणाच्या वर. लोक मुहूर्त नंतर बघतात, आधी स्वतःचं नाव शोधतात. माझं नाव चुलतभावाच्या खाली गेलं होतं. तेव्हा माझं इथे दुकान नव्हतं, मी गावाहून, पिंपरी पेंढारहून, तणतणत आलो. तू शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत उभा होतास, बोटं शाईने काळी, आणि तू मान वरही केली नाहीस.

"नाव खाली गेलं म्हणून मान खाली गेली का राव तुमची?" म्हणालास.

मी म्हणालो, "गेली."

तेव्हा वर बघितलंस. हसलास. "मग पुढच्या पत्रिकेत सगळ्यात वर घालतो. शब्द आहे."

पुढची पत्रिका आलीच नाही. माझं लग्न झालं नाही, तुझं झालं नाही. मी घरच्यांना कडक मंगळ सांगून बसलो होतो, ही युक्तीही तुझीच. ते बिचारे दहा वर्षं कडक मंगळाची पोरगी शोधत फिरले, आणि एखादी सापडली की मी तिच्या गावाच्या पाण्यापासून तिच्या मामापर्यंत सगळ्याला नावं ठेवायचो. तू दुनियेची लग्नं छापलीस. "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" हे तर तू डोळे झाकून जुळवायचास. मी एकदा विचारलं, आपल्या लग्नाला कोण कुणाला यायचं हं म्हणेल? तू म्हणालास, "कागद वाया जाईल." आणि मशीनच्या पायट्यावर पाय मारायला लागलास.

ती ओळ आठवते का तुला, खिडकीतली? छपाई झाली की तू खिळे रॉकेलने धुऊन एकेक अक्षर परत आपापल्या घरात टाकायचास. पण एक ओळ तू कधीच सोडली नाहीस. सुतळीने बांधून खिडकीत ठेवलेली असायची. "अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले." ती सारखी लागायची. आधी म्हाताऱ्यांना लागायची. मग नव्वदच्या त्या वर्षांत तिशीतल्या पोरांना लागायला लागली. ट्रकवर जाणारे, मुंबईच्या मार्केटला माल घेऊन जाणारे, मागोमाग त्यांच्या बायका. दहाव्याचं कार्ड छापायला घरातलं कुणीतरी यायचं आणि खालमानेने सांगायचं, "आजाराचं ते न्हेमीचंच घाला भाऊ."

"दीड वर्ष खाटेवर होता," ते गेल्यावर तू म्हणायचास, "आणि आजार अल्पसा."

मी म्हणायचो, मग खरं छाप ना. माणसं मरतायत आणि तू त्यांच्यावर सतरंजी टाकतोस. तू म्हणायचास, "कार्ड घरच्यांचं असतं सुदाम, मेलेल्याचं नसतं." इथून आपलं भांडण सुरू व्हायचं ते चहा थंड होईपर्यंत. ते अजून मिटलेलं नाही. तू मधेच उठून गेलास.

खोडदला तू मला सांगितलंस. माझ्या एम-एटी स्कूटरवर बसून आपण रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या अँटेना बघायला गेलो होतो, भर दुपारी. कांद्याच्या वावरांच्या मधोमध त्या आभाळाकडे तोंड करून उभ्या. तू म्हणालास, "ह्यांना लई लांबचं ऐकू येतं म्हणे." मी म्हणालो, "आपल्या स्टँडवरच्या पानवाल्याला त्याहून लांबचं ऐकू येतं." तू हसला नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. बांधावर बसून तू मुंबईचं सगळं सांगितलंस. तिथल्या छापखान्यात आठ वर्षं होतास, तेव्हाचे तुझे चार दोस्त, आपल्यासारखेच. रविवारी बागेत भेटायचात, एकाच्या खोलीवर मटण शिजवायचात. तू गावी आल्यावर त्यांची पत्रं यायची. मग तिघांची यायची. मग दोघांची. शेवटी आपल्याच आंबेगावच्या वरच्या अंगाचा, भातखाचरांच्या गावचा लक्ष्मण राहिला. तू त्याला भेटायला घाट चढून गेलास, तेव्हा त्याला जाऊन महिना झाला होता. घरचे म्हणाले टीबी होता. त्यांनी तुला नाचणीची भाकरी वाढली आणि विचारलं, "तुमी कोन त्याचं?" तू म्हणालास, कामावरचा.

"पाचवा मी आहे," तू म्हणालास. "पुण्याहून रिपोर्ट आलाय."

मग मी तपासणी केली. तीनदा. तीनदा काही निघालं नाही. पहिल्या वेळी कागद बघून तू रडलास, स्वतःच्या वेळी रडला नव्हतास. त्या चौघांतला पहिला गेला तेव्हाच तू शहाणा झाला होतास, आपल्या पहिल्या दिवसापासून निरोध वापरायला लावायचास, आणि मी कुरकुरायचो. मी जिवंत आहे तो तुझ्यामुळे, आणि हे मी तुला एकदाही म्हणालो नाही. आता म्हणतो. ऐकू आलं तर बघ.

आणि मग ती बाई आली.

पुण्यात समुपदेशनाला बसलेल्या माणसाने तुला एकच विचारलं होतं, "कुठल्या बाईकडे जात होता?" दुसरा काही प्रश्न त्याच्याकडे नव्हताच. स्टँडवर चिकटवलेल्या भित्तिपत्रकात एक ट्रक होता आणि लाल साडीतली एक बाई होती. आपण कुठेच नव्हतो. आपली माणसं मरत होती आणि मरणाच्या चित्रातसुद्धा आपल्याला जागा नव्हती. तू हो म्हणून मान हलवलीस, बरोबर आलेल्या थोरल्या भावाने ती बघितली. बस्स, तेवढ्यावर गावाने बाई उभी केली. कुणी तिला नारायणगावच्या पुढच्या ढाब्यावर बसवलं, कुणी तिला लांब केस दिले. तुझा थोरला भाऊ रामदास पारावर म्हणाला, "गडी मानूस हाय. घसरला पाय." आणि असं म्हणताना त्याचा हात मिशीवर होता, मी बघितला.

तुझी आई तिला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने दिल्या नाहीत. ती फक्त "ती" म्हणायची. "तिनं तरी जपायचं व्हतं त्याला."

माझा तिळपापड झाला. इतकी वर्षं तुला डबा कोण देत होतं? तुझे उलटीचे कपडे कोण धूत होतं? आणि नाव कुणाचं, तर जन्मालाच न आलेल्या एका बाईचं! तुला मात्र गंमत. "तुला सवत आली रे," म्हणायचास. मी तारेचं भेंडोळं फेकून मारलं होतं तुला, लागलं नाही. मग तू शांतपणे म्हणालास, "बाई असू दे सुदाम. बाई म्हटलं की शिव्या देतात आणि जेवायला वाढतात. आपलं खरं कळलं तर शिव्यासुद्धा देणार नाहीत."

मी तुला भित्रा म्हणालो. तो शब्द परत घेत नाही, पण त्याच्या शेजारी माझं एक ठेवतो. शेवटच्या वेळी दवाखान्यात भरती करताना फॉर्मवर विचारलं होतं, पेशंटशी नातं काय. मी लिहिलं, भाऊ. तू खाटेवरून बघत होतास. डोळे मिचकावलेस. मी भिंतीकडे तोंड केलं.

तिथे कुणी तुझ्या जवळ येत नव्हतं. ताट दारात ठेवून जायचे. औषधं निघाली आहेत, घेणारे जगतात, असं आपण ऐकत होतो. ती आपल्यापर्यंत पोचायच्या आत तू गेलास. तुला प्लॅस्टिकमधे गुंडाळून दिलं. रामदास म्हणाला उघडायचं नाही. खांदा द्यायला चौथा माणूस पुढे येईना, तेव्हा मी आलो, आणि लोकांनी माझं कौतुक केलं. "शेजारी आसावा तर आसा."

पाचव्या दिवशी रामदास माझ्या दुकानात आला, हातात वहीचा कागद. दहाव्याचं कार्ड. तुझा छापखाना बंद, आणि तू मला जुळवणी शिकवली होतीस हे त्याला माहीत होतं.

"तूच कर बाबा आता. मजकूर न्हेमीचाच. आजाराचं ते..."

"माहितीय," मी म्हणालो.

कागदावर खाली शोकाकुल. आई, रामदास, भावजय, पुतणे, चुलते, मामा, पतसंस्थेचे दोन संचालक, ज्यांनी तुझ्या घराचा उंबरा कधी ओलांडला नाही, आणि शेवटी समस्त मित्रपरिवार. तेहेतीस नावं. मी समस्तमधे होतो.

छापखाना उघडला. तुझा वास होता, रॉकेल आणि शाई. ओळ खिडकीत होती. मोठे खिळे हवे होते म्हणून खालचा खण ओढला. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार कार्डं.

दुःखाचं कार्ड आपण घरात ठेवत नाही. वाचायचं आणि फाडून टाकायचं. तू चार ठेवली होतीस. काळी किनार, तुझीच जुळवणी, तुटक्या "ल"वरून ओळखली. चार नावं. तिघांना मी ओळखत नव्हतो. चौथा लक्ष्मण. आणि मजकूर नेहमीचा नव्हता. प्रत्येकावर लिहिलं होतं, "एड्सने गेला. फार चांगला होता." खाली शोकाकुल, आणि एकच नाव. बबन.

मी खाली बसलो. अरे लबाडा! माझ्याशी वर्षानुवर्षं वाद घातलास, कार्ड घरच्यांचं असतं म्हणालास, आणि स्वतः गुपचूप मेलेल्यांची कार्डं छापून बसलास? त्यांच्या घरच्यांनी त्यांना टीबी दिला, बाई दिली, काय काय दिलं असेल. तू त्यांना त्यांचं मरण परत दिलंस. एकेकच प्रत काढलीस आणि ती खणात ठेवलीस. इतकंच तुला झेपलं. त्या दिवशी मी तुला भित्रा म्हणणं थांबवलं. पण एक प्रत म्हणजे काही छपाई नव्हे बबन. तू धंद्यातला माणूस, तुला हे कळायला हवं होतं.

मी ती ओळ उचलली, सुतळी सोडली आणि एकेक खिळा त्याच्या त्याच्या घरात टाकला. "अल्पशा"चा अ पासून. मग जुळवायला घेतलं. "एड्सच्या आजाराने, सात वर्षे झुंजून, निधन झाले." शोकाकुल. पहिलं आईचं नाव. मग थांबलो. तुझा शब्द होता, सगळ्यात वर घालतो. पण आईचा मान आहे. तिच्या खाली, रामदासच्या वर, माझं नाव जुळवलं. नुसतं सुदाम. पुढे मित्र नाही, शेजारी नाही, आणि भाऊ तर नाहीच.

दोनशे प्रती काढल्या. वाटायलाही मीच गेलो. ओतूर, पिंपरी पेंढार, पार तुझ्या मामाच्या गावापर्यंत. आपल्या लोकांना कार्ड वाचता येतं. कोण कुणाच्या खाली, कोण कुणाच्या वर, यात ते पीएचडी आहेत. काहींनी वाचून माझ्याकडे बघितलं आणि पाणी विचारलं. काहींनी विचारलं नाही. एका म्हाताऱ्याने बोट ठेवून म्हटलं, "हे चुकून झालंय का?" मी म्हणालो, नाही.

रामदास आला तो कार्ड मुठीत चुरगाळून.

"आरं आमच्या पोरींची लग्नं व्हायची हाईत! एड्स ल्हितोस? आन तुजं नाव माज्या वर? कोन लागतो तू त्याचा?"

"ते आईला सांगीन," मी म्हणालो. कसा म्हणालो मला माहीत नाही. "तिला आधी."

त्याचा हात उठला होता. तो त्याने खाली घेतला. मग त्याने तुझ्या मशीनकडे बघितलं आणि तो निघून गेला. त्याच्या पोरींचं तो खोटं बोलत नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी एकही कार्ड परत मागायला गेलो नाही.

दहाव्याला घाटावर माणसं येणार नाहीत असं वाटलं होतं. आली. निम्मी कार्ड बघूनच आली असतील, तमाशा बघायला. कावळा कधी शिवला ते मी बघितलंच नाही, तुझा त्याच्यावर विश्वास नव्हता. माईकवर पुढाऱ्यांची श्रद्धांजली चालली होती, "हरहुन्नरी व्यक्तिमत्त्व" वगैरे. मी मागे उभा होतो. तुझ्या आईने मला हाताने बोलावलं.

ती पायरीवर बसली होती, मांडीशी पिशवी. कमरेच्या चंचीतून कार्ड काढलं. "वाच. कोन कोन हाय बगू. रामदास नुसता फुरफुरतोय, वाचीना."

मी शेजारी बसून वाचलं. "एड्स" वाचताना तिने मान हलवली, तिला ठाऊकच होतं. पुढे तिचं नाव वाचलं. मग माझं वाचलं. मग रामदासचं.

"थांब," ती म्हणाली. "आन तिचं?"

"कुणाचं?"

"तिचं रं. त्या बाईचं. मी न्हाई म्हनली नसती. सात वर्सं वाट बगतीया म्या, आज तरी यील. साडी बी आनलीया तिला." पिशवीतून हिरवट रंगाची साडी थोडी वर काढून दाखवली. "कोन का आसंना, जीव लावला आसंल माज्या लेकाला. तिचं नाव कसं काय न्हाई घातलं?"

माईकवर कुणीतरी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. आम्ही दोघं बसून होतो.

"घातलंय आई," मी म्हणालो. "तुमच्या खाली."

तिने कार्डाकडे बघितलं. तिला अक्षर येत नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

"बाई नव्हती, आई. कधीच नव्हती. मी होतो."

बबन, मी पंधरा वर्षं याच क्षणाला भीत होतो आणि तुला भित्रा म्हणत होतो. दोन मिनिटं इतकी लांब असतात हे मला माहीत नव्हतं. माणसं खाली बसली, पाहुण्यांनी दुखवट्याच्या टोप्या-टॉवेल काढले, रामदासच्या सासरच्यांनी त्याच्या डोक्यावर टोपी घातली. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याचं डोकं सोयऱ्यांनी झाकायचं, ही आपली रीत. आईची नजर तिकडे होती.

"मंग त्यो डबा..." ती म्हणाली.

"मीच."

"आन दवाखान्यात?"

"मीच होतो की. तुम्ही बघितलंय."

"बगितलंय," ती म्हणाली. "मला न्हाई कळत तुमचं ह्ये. न्हाईच कळत." तिने साडी परत पिशवीत कोंबली, जोरात. मला वाटलं, संपलं, आता ही उठून जाईल. ती उठलीच. पाहुण्यांनी आणलेल्या टोप्यांच्या ढिगातली एक टोपी तिने उचलली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारे, ती मामांची हाय." तिने ऐकलं नाही. सगळ्यांच्या देखत माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"खाली कर मान."

मी केली. तिने टोपी घातली, वाकडी बसली ती दोन्ही हातांनी सरळ केली. रामदास बघत होता. पतसंस्थेचे संचालक बघत होते. सगळं ओतूर बघत होतं.

मग ती पुन्हा पायरीवर बसली आणि कार्ड माझ्यापुढे धरलं. "पुन्यांदा वाच. दुसरं नाव मोट्यानं वाच. ह्यांना आयकू जाऊ दे."

मी वाचलं, बबन. मोठ्याने वाचलं.

आज चौदा दिवस ती टोपी... नाही, चारच दिवस. दहाव्याला घातली ती काढलेली नाही. टोपीतच मोटारी भरतो. गिऱ्हाईक बघतं, एखादा परत जातो, जाऊ दे. खणात आता पाच कार्डं आहेत, आणि बाहेर एकशे नव्याण्णव. कार्ड घरच्यांचं असतं म्हणत होतास ना? घरच्यांनीच छापलंय.